सरकारचा वाटा

परतीचा पाऊस आला की लोकांना काय काय आठवतं. कुणाला सहामाही परीक्षा, कुणाला कांदाभजी, कुणाला कुणीतरी. मला सडलेला कोबी आठवतो. नुसता आठवत नाही, नाकात येतो. बिबवेवाडीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. यंदा नवरात्र सुरू व्हायच्या सुमारास एका दुपारी आभाळ काळवंडलं, पत्र्यावर टपोरे थेंब वाजायला लागले, तेव्हा मी ओट्याशी कोबीच चिरत होते. गड्डा ताजा, घट्ट, सुरीखाली करकर वाजणारा. तरीही तो गेल्या वर्षीचा वास कुठूनतरी आलाच. मी हात पुसले आणि काकीला फोन लावला. काकीनं उचलला नाही. पाऊस लागला की ती फोन घरात ठेवून रानात जाते.

कोबीवर कुणी ललित लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. मोगऱ्यावर लिहितात, पारिजातकावर तर उठसूट लिहितात. कोबीला वास आहे, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. माझ्या केंद्रात कोबीची भाजी असली की गिऱ्हाइकाचं तोंड डबा उघडायच्या आधीच वाकडं होतं. "आज पण कोबी?" असं विचारणाऱ्यांसाठी मी पाटीच लावली आहे : 'आज कोबी आहे. न आवडल्यास घरी स्वयंपाक करावा.' पुण्यात पाटी लावली की निम्मे वाद मिटतात आणि उरलेले निम्मे पाटीवरून होतात. होऊ देत. कोबी मी सोडणार नाही, कारण तो इंदूकाकीच्या रानातला असतो.

इंदूकाकी म्हणजे माझ्या मधल्या काकांची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली. वाघोलीच्या अंगाला, नगर रस्त्यापासून जरा आत आमचं गाव होतं. होतं अशासाठी म्हणायचं की आता ते शहरात जमा झालंय. मारुतीचं देऊळ जागेवर आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना मोबाईलची दुकानं आहेत आणि मारुतीला त्याचं काही वाटत असेल असं दिसत नाही. तिघा भावांची जमीन लागून होती. थोरले माझे वडील. त्यांनी आपला वाटा विकला, बिबवेवाडीत घर घेतलं, मला शिकवलं, या केंद्राची जागाही त्याच पैशातून झाली. आमच्या बाजरीच्या रानात आज एक उंचच उंच सोसायटी उभी आहे. मला त्याची लाज वाटत नाही आणि कौतुकही नाही. माणसानं आपली वस्तू विकली, एवढंच.

राहिलेलं रान मधल्या आणि धाकट्या काकांचं, सामाईक. कसत होती एकटी इंदूकाकी. धाकट्या काकांना ते विकायचं होतं आणि काकीच्या सहीशिवाय ते विकता येत नव्हतं. सहीसाठी त्यांनी सगळं करून पाहिलं. गोडीनं सांगून झालं, डोळे वटारून झाले, गावकीतली माणसं मध्ये घालून झाली. काकी प्रत्येकाला चहा पाजायची आणि रानात निघून जायची. मग त्यांनी वेगळाच सूर धरला. "रान पडीक हाय," असं ते येईल त्याला सांगू लागले. "कागद काढून बघा की. पडीक रानावर म्हातारी नाग होऊन बसलीय."

आणि कागदावर खरंच पडीक होतं. त्याची गंमत अशी, की हल्ली पिकाची नोंद शेतकऱ्यानंच मोबाईलवरून करायची, रानात उभं राहून, फोटो काढून. काकीच्या रानात उभं राहून फोटो काढला की शेजारच्या उंच इमारतीमुळं की काय, मोबाईल तिची जागा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दाखवायचा. पार्किंगमध्ये कोबी कसा लागेल? नोंद घेतलीच जायची नाही. असे काही हंगाम गेले, आणि ज्या रानातला चिखल काकीच्या घोट्यांवरून कधी पुरता निघाला नाही ते रान सरकारदरबारी ओसाड ठरलं.

गेल्या वर्षीचा पाऊस मला रंगानं आठवतो. जूनचा पाऊस काळासावळा असतो, हा पिवळट होता. दिवसा ऊन, दुपारनंतर ढग, संध्याकाळी धो धो. पहिले काही दिवस सगळे म्हणाले, छान, गारवा आला. मग तो थांबेचना. आमच्या रानाच्या कडेनं एक ओढा आहे. सोसायटीची भिंत त्याच्या अगदी काठावर आली तेव्हापासून तो अंग चोरून वाहतो. एरवी त्याला ते जमतं. त्या आठवड्यात जमलं नाही.

मी स्वारगेटहून बस धरून पोचले तेव्हा पाऊस उघडला होता आणि सगळं रान पाण्याखाली होतं. पाण्यावर फक्त गड्ड्यांचे माथे दिसत होते, ओळीनं. काकी बांधावर उभी होती, साडी खोचलेली, हातात काही नाही. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. कुंपणापलीकडून सोसायटीचे सेक्रेटरी आले. माणूस वाईट नाही. कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेले, रोज काकीला "काय मावशी, कसं काय?" विचारणारे. त्यांनी हौसेनं मोबाईल पुढं केला. त्यांच्या बाल्कनीतून काढलेला व्हिडिओ होता, मागं गाणं लावलेलं. "बघा ना वरून काय सुंदर दिसतंय," ते म्हणाले. "आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतायत, फुकटात लेक व्ह्यू मिळाला."

काकीनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. "चांगलं आलंय," ती म्हणाली. त्यांना तिच्या आवाजातलं काही कळलं असावं, कारण ते मोबाईल खिशात घालून हळूच निघून गेले.

मला राग येतो, सरळ सांगते. सेक्रेटरींचा नाही, त्यांना काय ठाऊक. आमच्या केंद्रावर येणारे एक गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त, दोन पोळ्या आणि सुकी भाजी नेतात. त्याच आठवड्यात ते पेपर वाचून म्हणाले, "शेतकऱ्यांचं काय, पाऊस पडला की पैसे, नाही पडला की पैसे." मी पोळ्या बांधत होते. म्हटलं, "काका, तुमचं पेन्शन कधी पावसात भिजलंय का हो?" ते म्हणाले, "त्याचा काय संबंध?" मी म्हटलं, "तेच विचारतेय." त्यांना त्या दिवशी बटाट्याची हवी होती, मी कोबीची दिली. ते ती मुकाट घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले, कारण बिबवेवाडीत माझ्यासारख्या पोळ्या कुणाच्या होत नाहीत, हेही खरंच आहे.

पाणी ओसरलं आणि ऊन पडलं. भिजलेल्या कोबीला ऊन म्हणजे काळच. गड्डे फुटले, पानांच्या शिरा काळ्या पडल्या आणि वास सुटला. आमच्याकडं त्या रोगाला घाण्याच म्हणतात, सरळ, आडपडदा न ठेवता. तो एकदा रानात मुरला की पुढचं पीकही धरत नाही. त्यामुळं सडलेलं पीक उपसायचं, लांब खड्डा खणून पुरायचं, हे आमच्याकडं कुणी कुणाला सांगत नाही, जसं ताट उचलून ठेवायला कुणी सांगत नाही. सडकं रान तसंच पडू देणारी बाई आळशी, असा शिक्का बसतो. खंडेनवमी तोंडावर होती. अवजारं धुऊन पुजायची आणि रान मात्र घाणीत, हे काकीला चालणारं नव्हतं. ती, मी आणि शेजारच्या वस्तीवरच्या दोन बायका, आम्ही ते सगळं उपसलं. नाकातोंडाला पदर बांधला तरी वास केसांत बसला. मी घरी येऊन दोनदा न्हाले, तरी नवरा म्हणाला, "आज नुसती सांडग्याची आमटी कर, बाकी काही नको."

खंडेनवमीला काकीनं कोयता, खुरपं, कुदळ धुऊन, हळद-कुंकू लावून पाटावर मांडली, आणि मागं रान असं दिसत होतं की जणू सारवून ठेवलंय. तिच्या तोंडावर जरा उजेड आला. "आता फुडचं बघू," ती म्हणाली.

आणि मग तलाठी आले.

त्या पदाचं नाव हल्ली बदललंय म्हणे, पण काकीसाठी ते भाऊसाहेबच. भाऊसाहेब वयानं कोवळे, गळ्यात ओळखपत्र, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून बांधावरूनच चालणारे. नुकसानीचे पंचनामे करत ते गावोगाव हिंडत होते आणि दमलेले दिसत होते. त्यांनी रानाकडं पाहिलं, मग कागदाकडं, मग परत रानाकडं.

"मावशी, पीक कुठंय?"

"बुडलं की. म्हणून तर तुमास्नी बोलावलं."

"हो, पण बुडलेलं पीक कुठंय?"

"उपसलं. सडका कोबी रानात ठिवत्यात व्हय?"

भाऊसाहेबांनी कपाळ चोळलं. "अहो मावशी, मग मी नुकसान कशाचं बघू? मला उभं पीक पाहिजे. खराब झालेलं, पण जागेवर."

"खड्डा उकरून दावू?"

"खड्ड्यातलं पीक पंचनाम्यात बसत नाही."

मी सेक्रेटरींना हाक मारून तो व्हिडिओ मागवला. त्यांनी तत्परतेनं दाखवला, गाण्यासकट. भाऊसाहेबांनी तो नीट पाहिला. "पाणी दिसतंय," ते म्हणाले. "पाण्याखाली काय होतं ते दिसत नाही. आणि नोंदीला रान पडीक आहे."

काकी म्हणाली, "भाऊसाहेब, घरात मयत झाली तर सरकार यीस्तवर मढं तसंच ठिवायचं का?"

त्यांनी लिहिलं : नुकसान आढळून आले नाही. जाताना मात्र वळून हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या वेळी काही हलवू नका मावशी. मी येईपर्यंत राहू द्या."

आम्ही वरच्या कचेरीत गेलो. तिथल्या खिडकीतल्या माणसानं गावाचं नाव ऐकलं आणि हसूनच विचारलं, "हे आता शहरात आलं ना? मग शेती कुठली?" मी म्हटलं, "साहेब, पट्टी मागायला येता तेव्हा आम्ही शहर, रस्ता मागितला की आम्ही गाव, आणि पीक बुडालं की आम्ही कुणीच नाही. एकदा काय ते ठरवून आम्हाला कळवा." ते म्हणाले, "ताई, असं चढ्या आवाजात बोलून काम होत नाही." मी म्हटलं, "हळू बोलून झालं होतं की नाही?" काकी माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली. बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर आम्ही रस प्यायलो. ती ग्लास धरून नुसती बसली होती.

"तुला वाटत असंल, म्हातारी पैशापायी पळतीय," ती म्हणाली.

"मी असं म्हटलं का?"

"त्या पैशात रोपांचा खर्च बी भागत न्हाई, मला काय कळत न्हाई व्हय? भरपाई कसली भरपाई. माझं जे गेलं त्ये सरकार भरून देणार हाय का? मला एवढंच लिवून पायजे, हितं कोबी हुता आन त्यो बुडला. मंग तुझा काका परत पडीक म्हणून दाखवू दे."

त्या दिवशी मला ती मदत काय असते ते कळलं. पेपरात आकडे येतात, टीव्हीवर भांडणं होतात, कुणी म्हणतं फुकट, कुणी म्हणतं तुटपुंजं. काकीच्या लेखी ती एक कबुली होती. ज्याचं पीक बुडतं तो शेतकरी, आणि ज्यात बुडतं ते रान. सरकारनं तुझं बुडालं असं म्हटलं, की तुझं होतं हेही त्यात आलंच. आणि ते म्हणायला सरकार तयार नव्हतं. धाकटे काका तर त्या कागदाची प्रत खिशात घेऊनच फिरू लागले. "सरकारनंच लिवलंय," ते चहाच्या टपरीवर सांगत, "नुसकान न्हाई. पीक असंल तर नुसकान हुईल ना?" गावातली शहाणी माणसं माना डोलवायला लागली. दिवाळीत काकीकडं फराळाला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक तिला समजावूनच गेले, की आता सही करून मोकळी हो.

काकीनं त्याच रानात मेथी टाकली. उन्हाळ्यात भेंडी केली. श्रावणात परत कोबीची रोपं आणली. मी म्हटलं, "काकी, परत कोबी? जरा दुसरं काही." ती म्हणाली, "का? कोबीनं काय घोडं मारलंय?"

लहानपणचं एक मला या सगळ्यात सारखं आठवत राहिलं. वडिलांच्या रानात बाजरी असायची तेव्हाचं. काढणीच्या दिवशी काकी, तेव्हा नवी नवरी, कणसं खुडत बांधापर्यंत यायची आणि बांधाकडची चार ताटं तशीच उभी सोडायची. भरलेली कणसं, टपोरी. मी विचारलं होतं, ही का सोडली? ती म्हणाली, "पाखरांचा वाटा." मी म्हटलं, पाखरं आलीच नाहीत तर? "ज्याचा वाटा त्याला काढून ठिवायचा," ती म्हणाली. "मंग त्यो येवो न येवो, त्याची खुशी." पाखरं यायचीच. थव्यानं यायची आणि इतका कालवा करायची की घरापर्यंत ऐकू यायचा.

आज तिथं सोसायटीची हिरवळ आहे. यंत्रानं कापलेली, सारखी. पाखरं तिच्यावर उतरतात, जरा चालतात, काही मिळत नाही तेव्हा कुंपण ओलांडून काकीकडं येतात.

यंदाच्या त्या दुपारी काकीनं फोन उचलला नाही, पुढचे काही दिवस पाऊस लागून राहिला तरी उचलला नाही, तेव्हा मी उठून तिकडं गेले. जे व्हायचं तेच झालं होतं. पाऊस गेल्या वर्षीइतका नव्हता, पण भिंत तीच होती आणि ओढा तोच. रानात पाणी येऊन गेलं होतं. गड्डे फुटायला लागले होते. आणि काकी वाकून सडका कोबी उपसत होती.

"काकी!" मी बांधावरूनच ओरडले. "हात लावू नकोस! भाऊसाहेब काय म्हणाले होते?"

तिनं मान वर केली नाही. "रान कुजवू व्हय त्येंच्यासाठी?"

"अगं, परत तेच होईल. परत लिहितील, नुकसान नाही. काका वाटच बघतायत."

"बघू दे. सरकारला सडकं बघायचं असंल तर सरकारनं येळंवर यावं. माझं रान काय प्रदर्शन न्हाई."

मला रडूच आलं. इतकी हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही. पण करते काय, चपला बांधावर काढल्या, पदर तोंडाला बांधला आणि उतरले चिखलात. आम्ही उपसत उपसत उताराकडं, सोसायटीच्या कुंपणाकडं आलो. शेवटची सरी राहिली. सगळ्यांत खालची, अगदी जाळीला लागून. तिथलं पाणी रानात परत येत नाही, सरळ ओढ्याच्या बाजूला जातं, म्हणजे तिथला घाण्याही बाकीच्या रानात शिरायचा नाही. मी पहिल्या गड्ड्याला हात घातला तर काकीनं माझं मनगट धरलं.

"हिला हात लावू नगं."

"का?"

ती कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. सरीकडं पाहिलं, जाळीपलीकडच्या हिरवळीकडं पाहिलं. "ह्यो सरकारचा वाटा," ती म्हणाली.

मग ऊन पडलं. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे काय ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. काकीचं रान साफ, सारवल्यासारखं, आणि कडेला सरकारचा वाटा उन्हात शिजत पडलेला. त्या जाळीपलीकडच्या हिरवळीवर सोसायटीचा सकाळचा योगवर्ग भरतो. मी तिकडंच राहिले होते, त्यामुळं दुसऱ्या सकाळचं मी स्वतः पाहिलं. शिकवणाऱ्या बाई डोळे मिटून, शांत आवाजात म्हणाल्या, "आता दीर्घ श्वास घ्या." सगळ्यांनी घेतला. त्यानंतर त्या हिरवळीवर जे काही झालं त्याला कुठलंच आसन म्हणता येणार नाही. काकी बांधावर बसून दात घासत होती.

सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आले. "मावशी, अहो हे काय? नेहमी तुम्ही सगळं साफ करता. हे एवढंच का ठेवलंय?"

"त्ये माझं न्हाई," काकी म्हणाली. "त्ये सरकारचं हाय."

"म्हणजे?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. गेल्या वर्षीचा पंचनामा, खड्डा, व्हिडिओ, पडीक, सही. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रुमालाआडून ते ऐकत राहिले. "म्हणजे पंचनामा होईपर्यंत हे इथंच?" त्यांनी विचारलं.

"भाऊसाहेबांनीच सांगितलंय, हलवायचं न्हाई," काकी म्हणाली. "मी कायद्याच्या भायेर कशी जाऊ?"

गेल्या वर्षी आम्ही दोघी किती हेलपाटे घातले, कुणी दाद दिली नव्हती. यंदा आम्हाला जागचं हलावंही लागलं नाही. सोसायटीतली शिकलीसवरलेली माणसं, हातात मोबाईल, मनात संताप आणि नाकात कोबी. ज्याच्या ओळखीचं जे कुणी होतं त्याला फोन गेला. आरोग्यवाले आले, पाहून गेले, म्हणाले हे आमच्याकडं येत नाही, हे शेतीचं. सेक्रेटरींनी त्यांच्याकडून हे वाक्य लिहून घेतलं. निवृत्त माणसाला एकदा काम मिळालं की तो ते पुरं करतो. आणि मग एका सकाळी, गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी आधी, तेच भाऊसाहेब मोटारसायकलवरून आले. ओळखपत्र तेच, बूट मात्र यंदा गमबूट होते.

बातमी लागली तसे धाकटे काकाही आले आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले. बाल्कन्यांमधून माणसं वाकून पाहत होती.

भाऊसाहेबांनी आधी मोबाईल काढला. हात उंच केला, इकडं गेले, तिकडं गेले. "परत पार्किंगच दाखवतंय," ते पुटपुटले.

"बघा, मी सांगतच हुतो," धाकटे काका बांधावरून म्हणाले. "रान पडीक हाय भाऊसाहेब. कडंला कचरा टाकलाय म्हातारीनं."

मी तोंड उघडणार तोवर सेक्रेटरीच बोलले. ते जाळीतलं फाटक उघडून, चांगल्या बुटांनी, चिखलात उतरून आले होते. "पार्किंग आमचं आहे आणि ते भिंतीपलीकडं आहे," ते म्हणाले. आवाजात सगळी नोकरी परत आलेली. "हे शेत आहे. मी रोज सकाळी बघतो. या बाईंनी श्रावणात इथं रोपं लावली, मी वरून बघत होतो. पाणी भरलं तेही बघितलं. कचरा काय म्हणता?"

"पंच म्हणून सही कराल?" भाऊसाहेबांनी विचारलं. पंचनाम्याला पंच लागतातच, आणि गावातलं कुणी धाकट्या काकांच्या देखत पुढं यायला तयार नव्हतं.

"करतो की. कुठं करायची?"

त्यांच्या मागून योगाच्या बाई आल्या. मग आणखी एक जोडपं. बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "वर पाठवा, मी पण करतो!" भाऊसाहेब एकेक गोष्ट मोठ्यानं म्हणत लिहू लागले. कुठल्या पिकाचं नाव घालायचं ते त्यांना दिसतच होतं, तरी रीतीप्रमाणं त्यांनी विचारलं, "पीक कोणतं?"

"कोबी!" चार मजल्यांवरून एकदम आवाज आला.

मी काकीकडं पाहिलं. तिनं पदर डोळ्यांना लावला होता, पण तो वासामुळं की कशामुळं ते मी विचारलं नाही. धाकटे काका कधी निघून गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ते काही हरले नाहीत. रान अजून सामाईक आहे आणि त्यांना अजून ते विकायचं आहे. पण आता पडीक म्हणायची सोय राहिलेली नाही. आता त्यांना म्हणावं लागेल, की पिकतं रान विकायचंय, आणि ते म्हणताना कसं वाटतं ते त्यांचं त्यांना बघू दे.

सह्या झाल्या. सेक्रेटरींनी रुमाल खाली घेऊन सही केली, हे मी मुद्दाम पाहून ठेवलं. भाऊसाहेब कागद नीट घडी करून पिशवीत ठेवत होते तोवर काकी खाली सरीत उतरली होती. "झालं ना बघून?" तिनं विचारलं. "मंग सरा बाजूला." आणि तिनं सरकारच्या वाट्यातला पहिला गड्डा उपसला. मीही पदर बांधला.

भाऊसाहेबांनी गाडी चालू केली, परत बंद केली. त्यांना काहीतरी सांगायचं राहिलं होतं. "मावशी," ते म्हणाले, "एक सांगतो. पैसे यायला वेळ लागेल हं. लगेच नाही येणार."

काकीनं वाकल्या वाकल्याच मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

"येऊ द्या सावकाश," ती म्हणाली. "मी हितंच हाय."